मिरर आहे, पण मशीन दुसऱ्या डिस्कवरून उठतं का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सर्व्हरची मुख्य बूट डिस्क बदलण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर हरकत घेतलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रेड-१ (दोन डिस्कवर एकच डेटा सारखा लिहिणारा मिरर) असताना खराब डिस्क काढायची, नवी घालायची, रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) लावायचा, पाच मिनिटांचं काम. पूर्ण बॅकअप घ्या, मशीन बंद करून एकट्या दुसऱ्या डिस्कवरून सुरू करून बघा, सुट्टीचा दिवस निवडा, असं सांगून मी लोकांना विनाकारण घाबरवतो आणि धंद्याचे चार तास वाया घालवतो. एवढं करण्यापेक्षा डीडीने (डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढणारी लिनक्सची कमांड) क्लोन मारला तरी भागतं, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. भोसरीतल्या तुमच्या एका क्लायंटच्या सर्व्हरवर येत्या शनिवारी दुपारी हेच काम करायचं आहे असं तुम्ही म्हणता, म्हणून जरा लांबण लावून उत्तर देतो.

हार्डवेअर रेड कंट्रोलर असेल तर तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तिथे फर्मवेअरला (मदरबोर्डमधल्या, मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरला) दोन वेगळ्या डिस्क दिसतच नाहीत. कंट्रोलर दाखवतो ती एकच डिस्क दिसते. पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत त्याची यादी), बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम), सगळं त्या एकाच डिस्कवर असतं आणि खाली दोन्हीकडे सारखं लिहिलं जातं. पिवळा दिवा लागलेला ट्रे ओढला, नवा सरकवला, काम झालं. पण माझा लेख लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडवर होता, म्हणजे एमडी या यंत्रणेवर, जी एमडीएडीएम या कमांडने चालवतात. छोट्या ऑफिसांत आणि वर्कशॉपमध्ये टॉवर सर्व्हर घेताना कंट्रोलरचे पैसे वाचवलेले असतात, तिथे बहुतेक वेळा हेच सापडतं.

एमडी मिरर करतं ते पार्टिशनचं. अख्ख्या डिस्कचं नाही. सगळी मेख इथेच आहे. बायोसच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फर्मवेअरच्या, मशीनवर बूटलोडरचा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो, त्यातले ४४६ बाइट कोडचे. हा सेक्टर कुठल्याच पार्टिशनमध्ये येत नाही, म्हणून रेड त्याला हात लावत नाही. कोणी आठवणीने दुसऱ्या डिस्कवरही ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) बसवला असेल तर ठीक, नाहीतर त्या डिस्कवर तुमचा सगळा डेटा असतो आणि मशीनला मात्र ती रिकामी वाटते.

यूईएफआयवर, म्हणजे नव्या पद्धतीच्या फर्मवेअरवर, भानगड वाढते. फर्मवेअर बूटलोडर ठेवलेलं ईएफआय सिस्टीम पार्टिशन वाचतं, ते फॅट-३२ फॉरमॅटचं असतं, आणि फर्मवेअरला लिनक्सचा रेड कळत नाही. त्यामुळे हे पार्टिशन सहसा मिररच्या बाहेर, एकट्या पहिल्या डिस्कवर राहतं. एमडीच्या स्वतःच्या नोंदींचा, म्हणजे मेटाडेटाचा, १.० प्रकार वापरून त्याचाही मिरर करता येतो, कारण तो मेटाडेटा पार्टिशनच्या शेवटी बसतो आणि फर्मवेअरला पुढचा भाग साधा फॅट दिसतो. पण फर्मवेअरने स्वतः त्यावर काही लिहिलं की दोन प्रती वेगळ्या होतात आणि एमडीला पत्ता लागत नाही. म्हणून मला दोन डिस्कवर दोन स्वतंत्र ईएफआय पार्टिशन ठेवणं जास्त पसंत आहे. उबुंटू या लिनक्समध्ये २०.०४ आवृत्तीपासून ग्रब अनेक ईएफआय पार्टिशनवर एकाच वेळी बसवता येतो. प्रॉक्समॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्सवरची सिस्टीम) त्यासाठी स्वतंत्र टूलच आहे.

समजा दुसरं पार्टिशन आहे. तरी मदरबोर्डच्या मेमरीतली बूट एंट्री ठरावीक पार्टिशनच्या जीयूआयडीकडे (ओळख-क्रमांकाकडे) बोट दाखवते. ती डिस्क गेली की एंट्री निकामी. दुसऱ्या डिस्कची एंट्री ईएफआयबूटएमजीआर या कमांडने आधीच केलेली हवी, किंवा बूटलोडरची प्रत ईएफआय फोल्डरमधल्या बूट या ठरलेल्या फोल्डरात, बूटएक्स६४ या नावाने हवी. कुठलीच एंट्री चालली नाही तर फर्मवेअर तिथे शोधतं.

आणि हेही सगळं जमलं असेल, तरी एफएसटॅब (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ते लिहिलेली फाइल) उरतोच. तिथे ईएफआय पार्टिशनची ओळ जुन्या डिस्कच्या यूयूआयडीने (फाइलसिस्टीमच्या ओळख-क्रमांकाने) लिहिलेली असते. डिस्क नसली की सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) ९० सेकंद तिची वाट बघतं आणि मग मशीनला इमर्जन्सी मोडमध्ये टाकतं. रूट (मुख्य) फाइलसिस्टीम ठणठणीत, डेटाबेस शाबूत, पण नेटवर्क उठलेलं नाही, एसएसएचने दुरून लॉगिन नाही, स्क्रीनवर रूटचा पासवर्ड मागणारी एक ओळ. एफएसटॅबच्या त्या ओळीत ‘नोफेल’ हा एक शब्द असता तर मशीन सरळ पुढे गेलं असतं. अशी मशीन मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी मालक आधी हेच विचारतो: मिरर होता ना?

म्हणून मी रीबूटचा आग्रह धरतो. तुम्ही म्हणता की चालू सर्व्हर कशाला बंद करायचा. पण जो सर्व्हर वर्षभर बंदच झालेला नाही, तो पुन्हा उठेल याचा पुरावा तुमच्याकडे काय आहे? डिस्क चालू मशीनवर बदलता येते, रिबिल्डही होतो, आर्रे (मिरर केलेली डिस्कची जोडी) हिरवा दिसतो, बिल निघतं. मग जूनच्या पहिल्या वादळात वीज जाते, यूपीएसची बॅटरी दमलेली असते, आणि तेव्हा कळतं की नव्या डिस्कवर बूटलोडर कधी बसलाच नव्हता. तोवर जुनी डिस्क भंगारात गेलेली असते. ही परीक्षा कधी घ्यायची ते आपण ठरवायचं की विजेने?

हीच परीक्षा रिबिल्डच्या आधी घेण्यात आणखी एक फायदा आहे. मशीन नीट शटडाऊन करून काढलेली जुनी डिस्क म्हणजे त्या क्षणाची पूर्ण प्रत असते. कुरकुरणारी, भरवशाची नसलेली, तरी प्रत. ती लेबल लावून कपाटात ठेवा आणि पुन्हा त्या मशीनला जोडू नका. एकट्या दुसऱ्या डिस्कवर काम सुरू झालं की दोन्हींचा इतिहास वेगळा झाला. नंतर कोणी चुकून जुन्या डिस्कवरून मशीन सुरू केलं, तर दोन्ही डिस्क ‘मीच खरी’ म्हणून उभ्या राहतात आणि मधल्या दिवसांच्या नोंदी कुठल्या, हे हाताने शोधत बसावं लागतं.

बॅकअपबद्दल. रिबिल्डमध्ये उरलेल्या डिस्कचा पहिला ते शेवटचा सेक्टर वाचला जातो, कित्येक वर्षांत कोणी न वाचलेलेही. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीने वाचली तरी साडेसात तास लागतात, वर ऑफिसचं काम चालू असेल तर त्याहून जास्त. दोन्ही डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या, सारख्याच झिजलेल्या असतात. या काळात तुमच्याकडे मिरर नसतो. ताजा, उघडून तपासलेला बॅकअप नसताना हे तास काढायची माझी तयारी नाही, आणि दुसऱ्याला तसा सल्ला मी देणार नाही. मशीनमध्ये तिसरा बे (डिस्क बसवायची जागा) मोकळा असेल तर जुनी न काढता नवी जोडा आणि एमडीएडीएमचं रिप्लेस वापरा. मिरर एक क्षणही तुटत नाही.

डीडीबद्दल फार लिहीत नाही. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे सेक्टर) असलेल्या डिस्कवर ते पहिल्या एररला थांबतं, आणि क्लोन झाल्यावर सारख्याच यूयूआयडीच्या दोन डिस्क एका मशीनमध्ये राहिल्या तर गोंधळ होतो. डिस्क वाचवायची वेळ आली तर डीडीरेस्क्यू, ते एरर ओलांडून पुढे वाचत राहतं. मिरर असताना दोन्हींची गरज नाही.

आता तुमचे चार तास. बंद काळ म्हणजे शटडाऊन, डिस्क काढणं, एकट्या दुसऱ्या डिस्कवरून बूट करून बघणं, नवी जोडणं. तयारी नीट असेल तर अर्ध्या तासात होतं. बाकीचा रिबिल्ड लोक काम करत असताना चालतो. चार तास मी राखून ठेवायला सांगतो ते त्या बूटमध्ये काही निघालं तर.

तुमच्या क्लायंटसाठी: शनिवार दुपार नको. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, तो घ्या. फक्त महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या तोंडावरचा गुरुवार टाळा, त्यांच्या अकाउंटंटला जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात. आदल्या दिवशी दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर लिहून घ्या आणि ट्रेवर चिकटवा. एसडीए हे लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव पुढच्या बूटला दुसऱ्या डिस्कला मिळू शकतं, त्या नावावर विसंबून डिस्क ओढू नका. उरणाऱ्या डिस्कचं स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदी) बघा, खराब सेक्टरच्या ५, १९७ आणि १९८ या नोंदी शून्य हव्यात. १९७ शून्य नसेल तर काम थांबवा आणि आधी बॅकअप. नव्या डिस्कचा आकार बाइटमध्ये ताडून बघा, पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका. आर्रेला लागतं त्याहून पार्टिशन किंचित लहान पडलं तरी एमडी ते घेत नाही. पार्टिशन टेबल एसजीडिस्क या कमांडने नव्या डिस्कवर उतरवताना मोठा आर (नक्कल करण्याचा पर्याय) लिहिल्यावर आधी नवी डिस्क येते आणि शेवटी मशीनमध्ये उरलेली चांगली डिस्क. हा क्रम उलटा झाला तर चांगल्या डिस्कचं टेबल पुसलं जाईल, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला तरी ती ओळ वाचून दाखवा. त्यानंतर नव्या डिस्कचे जीयूआयडी बदलायचे, मग पार्टिशन आर्रेला जोडायचं, ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करून त्यावर ग्रब बसवायचा. रिबिल्ड पूर्ण झाल्यावर एकदा फक्त नव्या डिस्कवरून बूट करून बघा.

जायच्या आधी त्या मशीनचं एलएसबीएलके (डिस्क आणि पार्टिशनची यादी देणारी कमांड), एफएसटॅब आणि ईएफआयबूटएमजीआरचं आउटपुट इथे टाका, सिरियल नंबर आणि आयपी झाकून. ईएफआय पार्टिशन एकच आहे की दोन, ते त्यातून लगेच कळेल. एकच निघालं तर दुसऱ्या डिस्कवर त्यासाठी जागा कुठून काढायची, ते आकडे बघून सांगतो.