उतारावर सगळेच सायकलपटू

कोल्हापुरातून सायकलने मालवणला जायचं ठरलंय ना? मग आधी ग्रुपला नाव द्या. रस्ता कुठला, मुक्काम कुठे, कोण किती चालवू शकतो, हे मागाहून बघता येतं. नाव आणि टी-शर्ट मात्र आधी लागतात. नावात 'रायडर्स' नाहीतर 'वॉरियर्स' हवं, आणि पाठीवर 'नाद खुळा' एवढ्या मोठ्या अक्षरांत हवं की मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला ते गाणं न थांबवता वाचता यावं.

टी-शर्टांच्या मापांवर आठवडाभर चर्चा रंगू द्या. मधेच कुणी "सरावाला एकदा पन्हाळ्यावर जाऊन येऊया का?" असं म्हणालं तर हसून विषय बदला. पन्हाळा विसेक किलोमीटर, मालवण गगनबावड्यावरून दीडशेच्या घरात. विसाचा सराव दीडशेला काय कामाचा? त्यापेक्षा संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी मारावी, भेळ खावी आणि हेल्मेट घालून फोटो काढावा. फोटोत धाप दिसत नाही.

गादी लावलेली सायकलची चड्डी निघायच्या पहाटेच पहिल्यांदा पाकिटातून बाहेर काढा. ती नुसत्या अंगावर घालायची असते, आत दुसरं काही घालायचं नसतं, असं जाणकार सांगतात. पण आपल्यावर घरचे संस्कार आहेत. आत रोजची अंडरवेअर असू द्या. तिची शिवण नेमकी कुठून कुठे जाते हे साळवण येईपर्यंत तुम्हाला कळेल, आणि मालवणात तुम्ही चालता कसे ते बघून बाकी सगळ्यांना कळेल. सीटसुद्धा आदल्या संध्याकाळीच नवी बसवून घ्या. उंची अंदाजपंचे.

आदल्या रात्री तांबडा-पांढरा झालाच पाहिजे. वाट्या मोजायच्या नसतात. ताकद येते.

पहाटे पाचला बिंदू चौक असं ठरलं असेल तर सहाला उठा, कारण बाकीचेही तेच करणार आहेत. जे कुणी खरोखर पाचला येऊन उभे असतील ते अण्णा. अण्णा प्रत्येक ग्रुपात असतात. बँकेतून निवृत्त झालेले, सायकलला मडगार्ड, मागे कॅरिअर, कॅरिअरवर दोरीने बांधलेली पिशवी. त्या पिशवीत पंप, पाने, पंक्चरचं साहित्य, दोन ट्यूब, मीठ-साखरेची पुडी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार दशम्या. तुम्ही ही सगळी अडगळ घ्यायची नाही. सायकलचं वजन दोन किलोंनी कमी व्हावं म्हणून तुम्ही लाखभर रुपये मोजलेत, ते काय पंप वागवायला?

फुलेवाडी ओलांडायच्या आत मिसळीला थांबा. दोनदा कट मागवा, ब्रेडच्या स्लाइस घेत राहा. आता इथून पुढे गगनबावड्यापर्यंत पन्नासेक किलोमीटर ती मिसळ तुमच्या सोबतीला आहे.

आता वेगाचं बघू. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तास मिळतात, आणि त्यात चहा, नाश्ता, पंक्चर, आडोशाला जाणं सगळं आलं. म्हणजे सरासरी ताशी पंधरा राखली तरी माणूस वेळेत पोचतो. ही माहिती ग्रुपात फुटू देऊ नका. एकदा का लोकांना कळलं की अण्णांचा वेग पुरतो, की मग शर्यत लावायची कशासाठी? बालिंग्याचा पूल आला की एकाने कारण नसताना जोर काढायचा, दुसऱ्याने त्याचं चाक धरायचं, तिसऱ्याने "असं व्हय?" म्हणत दोघांना मागे टाकायचं. कळे गावापर्यंत तीस-बत्तीसने जायचं आणि त्यानंतर बाराने. सरासरी तीच पडते, पण मधे मजा येते.

पुढच्या सायकलच्या आडोशाला राहिलं की वारा बराच कमी लागतो. म्हणून पाळीपाळीने पुढे यावं असा रिवाज आहे. तुमची पाळी आली की चेनकडे काळजीने बघा आणि हात हलवून दुसऱ्याला पुढे जायला सांगा.

डिसेंबर-जानेवारीत निघालात तर आडोशाला माणसांची गरजच नाही. कारखान्यांचा हंगाम भरात असतो आणि रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही, पण पुढे स्पीकर असतोच, त्यामुळे अंधारात नुसत्या आवाजावर अंतर ओळखता येतं. मागच्या ट्रॉलीला चिकटून चला. वारा लागत नाही, वाटेत सांडलेला ऊस चुकवता चुकवता हँडलवर हात बसतो, आणि दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले शेंडे गालावरून फिरत राहतात. चढ आला की ट्रॅक्टरची पुढची चाकं रस्ता सोडून हवेत उचलली जातात. त्या वेळी ट्रॉलीच्या मागे नेमकं कोण आहे, हा विचार फक्त अण्णांना सुचतो. म्हणून ते कधीच तिथे नसतात.

गगनबावड्याला पोचलात की चहाच्या टपरीवर बसा. कांदाभजी सांगा. बूट काढा, मोजे वाळत घाला, घाटाच्या तोंडाशी सायकली उभ्या करून एकेकट्याचे आणि मग सगळ्यांचे मिळून फोटो काढा. अर्ध्या-पाऊण तासाने खाली वळणावर ती कॅरिअरवरची पिशवी दिसू लागेल. लगेच बूट चढवा. वेळ महत्त्वाची आहे. अण्णा ब्रेक दाबून एक पाय जमिनीवर टेकवतील, त्या क्षणी तुमचा पाय पेडलवर असला पाहिजे.

"आलासा व्हय अण्णा? बरं झालं. चला, निघूया, लई येळ झाला."

अण्णांच्या हेल्मेटचा पट्टा अजून सुटलेला नसतो. त्यांनी पाण्याची बाटली काढून एक घोट घेतला की सगळ्यांनी घड्याळाकडे बघावं. अशा रीतीने जो सगळ्यात दमलाय त्याला सगळ्यात कमी विश्रांती मिळते, आणि जे ताजेतवाने आहेत ते आणखी ताजे होऊन पुढे सुटतात. ग्रुपने जाण्याचा हाच तर फायदा. एकटे गेले असते तर अण्णांनी निवांत दोन कप चहा घेतला असता, दशमी खाल्ली असती, वर गगनगडाकडे हात जोडले असते. भज्यांचं बिल मात्र सारखं वाटून घ्या. एकोप्याला तडा जायला नको.

करूळ घाट उतरताना काही विशेष सूचना नाहीत. उतारावर सगळेच सायकलपटू असतात. वरपासून खालपर्यंत दोन्ही ब्रेक आवळून धरलेत तर रिम तापून हाताला चटका बसतो, आणि मोकळे सोडलेत तर वळणावरची खडी भेटते. आपापल्या स्वभावानुसार निवडा. एक हात सोडून व्हिडिओ काढायचा राहू नये, एवढंच.

मालवण. मासे, समुद्र, ग्रुप फोटो, मिठाच्या पाण्याने चुरचुरणाऱ्या मांड्या. त्याबद्दल घरी सांगायचं नसतं.

परतीचा विचार जाण्यापूर्वी केलात तर जाणंच रद्द होईल, म्हणून करू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, मालवण समुद्रावर. जाताना करुळात फुकट मिळालेली ती उंची येताना फोंड्याच्या घाटात सावकाराच्या व्याजासकट फेडायची असते. घाटाच्या पायथ्याशी सगळे गप्प होतील. गप्प राहिलेल्या ग्रुपाला "अजून थोडंच राहिलंय" असं सांगत चला. ते कधीच खरं नसतं, पण माणसं बोलायला लागतात.

पंक्चर याच घाटात व्हायचं असतं, आणि लाखाच्या सायकलचं. घाबरू नका. टायर काढा, ट्यूब बदला, पण टायराच्या आतून बोट फिरवून बघण्याच्या भानगडीत पडू नका. ट्रकच्या फाटक्या टायरातून पडलेली केसासारखी बारीक तार तिथे रुतलेली असते. ती तशीच राहू दिली की नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते आणि अनुभव दुप्पट मिळतो. मग मागाल तेवढ्या ट्यूब निघतील, त्या जाड चाकाच्या. पुढे-मागे पंक्चरवाला भेटलाच तर तो तुमच्या व्हॉल्व्हचं ते बारीक तोंड दोन बोटांत धरून उलटसुलट बघेल, स्वतःच्या कॉम्प्रेसरच्या नळीकडे बघेल, आणि विचारेल, "ह्यात हवा कुठनं घालायची म्हणे?" त्याला जोडायचं नखाएवढं पितळी अॅडॅप्टर वीस-तीस रुपयांना मिळतं. ते अण्णांच्या पिशवीत आहे.

म्हणून आता अण्णांची वाट बघायची. गगनबावड्याला जशी बघितली तशी नाही, जरा आस्थेने. तास जाईल. या तासात अण्णांचं वय, त्यांचा गुडघा, त्यांना आणायची कल्पना मुळात कुणाची, या चर्चा बंद ठेवा. ते येतील, सायकल झाडाला टेकवतील, पिशवी सोडतील, टायराच्या आतून बोट फिरवून तार काढतील, ट्यूब घालतील, हवा भरतील. हात पुसून म्हणतील, "चला, मी हळूहळू पुढं हुतो. तुम्ही या गाठत."

त्यांना गाठण्याच्या फंदात पडू नका. पुढे दाजीपूर. 1958 पासून गव्यांसाठी राखलेलं जंगल, आणि संध्याकाळी रस्ता कुणाचा यावर गव्याशी वाद घालता येत नाही. अण्णा उजेडात पार होतील, कारण ते मधे कुठे थांबत नाहीत. तुम्ही छोटा हत्ती बोलवा. सायकली आडव्या टाका, वर पोतं पसरा, मागे बसून पाय लांब करा.

फक्त मोबाइलवरचं स्ट्राव्हा, म्हणजे अंतर आणि वेग नोंदवणारं अॅप, बंद करू नका. फोंड्याचा उरलेला घाट तुम्ही ताशी पस्तीसने चढलेला दिसेल, तोही राधानगरीपर्यंत एकदाही दम न खाता. हृदयाचे ठोके ऐंशीच्या वर कसे गेले नाहीत असं कुणी विचारलं तर प्राणायाम सांगा. रात्री गरम पाण्याची अंघोळ झाली की तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका, खाली 'टीमवर्क' लिहा. धडाधड अंगठे येतील. अण्णांचा तेवढा उशिरा येईल. ते अजून हळदी गावाच्या पुढे-मागे कुठेतरी असतील, आणि सायकल चालवताना ते फोन बघत नाहीत.