पेटीतलं मीठ आणि इतर चार उपाय

मृग तोंडावर आला की व्हाट्सअपवर एक यादी फिरते: लोखंडी पेटीत वाटीभर मीठ ठेवा, गोधड्या-कपडे प्लास्टिकमध्ये गच्च बांधा, डांबरगोळ्या कपड्यांत आणि डाळीच्या कोठीतही टाका, कडुनिंबाचा ओला पाला पसरा. म्हणे चार महिने पेटीकडे बघायलाच नको.

मिठापासून सुरुवात करू. साधं मीठ पाणी ओढतं ते हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेल्यावर. बुरशी त्याआधीच, ७० च्या आसपास, धरायला लागते. म्हणजे मीठ जागं होतं तोवर कुबट वास सुटलेला असतो. शिवाय पेटीच्या फटींतून दमट हवा येतच राहते. आषाढात वाटीतल्या मिठाचं खारं पाणी होतं, पेटी सरकवताना सांडतं, तळाला गंज धरतो आणि खालच्या लुगड्याच्या काठावर तांबडा डाग पडतो. तो डाग साबणाने जात नाही.

प्लास्टिकचं अर्धं खरं. मे महिन्यात आपल्याकडची दुपार इतकी कोरडी असते की तेव्हा वाळवून, सावलीत निववून बांधलेली गोधडी चांगली राहते. जुलैत बांधली तर ओल आतच कोंडते. शंका असेल तर घडी पारदर्शक पिशवीत घालून तासभर उन्हात ठेवा. आतून वाफ धरली तर परत वाळू घाला.

डांबरगोळी धान्यात कधीच नाही, ती विषारी आहे. कपड्यांत ठेवायची तर चिंधीत बांधून सगळ्यात वर, कारण तिची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली उतरते. कापरासोबत नको, दोन्ही मिळून पाझरतात. तान्ह्या बाळाच्या दुपट्यात तर मुळीच नाही. जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं शरीरातलं एक एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात.

डाळ-गव्हासाठी ऊनच खरं. दाणा दाताखाली कट्टकन फुटला की वाळला. दबला तर अजून एक ऊन द्या, मग पूर्ण निवल्यावरच कोठीत भरा.

ओला पाला म्हणजे पेटीत घातलेली ओलच. सावलीत कुरकुरीत वाळवून वापरा.

जमिनीबद्दल यादी गप्पच आहे. शेणाने सारवलेल्या भुईवर ठेवलेल्या पेटीला ओलही खालून येते आणि उधईही. चार विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. आणि श्रावणात उघाड पडली की सकाळी नाही, दुपारी बारा ते तीनमध्येच उघडा. सकाळची हवा सगळ्यात ओली असते.