बग्गीला बुलेटचंच इंजिन? आधी हिशेब तपासा

‘ऑफ-रोड बग्गी बनवताय? डोळे झाकून बुलेट ३५०चं इंजिन टाका’ असा एक मेसेज गाड्यांच्या ग्रुपांवर सतत फिरत असतो. बग्गी म्हणजे पाइपच्या सांगाड्याची, रस्त्याबाहेर पळवायची उघडी चारचाकी. त्यात कारणं पाच दिलेली असतात. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, राक्षसी. हवेवर थंड होतं, रेडिएटरची कटकट नाही. चेन थेट मागच्या ॲक्सलला, बाकी काही लागत नाही. दुरुस्ती गल्लीतल्या गॅरेजात. आणि आरसी असली की आरटीओ अडवत नाही. यातलं दुरुस्तीचं खरं आहे. उरलेल्या चारांवर विसंबून पाइप कापायला घेऊ नका.

टॉर्कपासून सुरुवात करू, कारण सगळा मजकूर त्याच खुंटीला टांगलाय. बुलेट आणि क्लासिक ३५०च्या यूसीई इंजिनाचा (इंजिन आणि गिअरपेटी एकाच आवरणात) टॉर्क २८ न्यूटन-मीटर, तो ४००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ४००० फेऱ्यांना. ताकद जेमतेम २० बीएचपी. मोटरसायकलीला हे पुरतं, कारण गाडीच दोनशे किलोच्या आत असते. बग्गीचा पाइपचा सांगाडा, चार चाकं, सस्पेन्शन आणि दोन माणसं धरली की पाचशे किलो कधी झाले कळतही नाही. आता भंगारात निघणाऱ्या मारुती ८००चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन घ्या. एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाल्या) मॉडेलचा टॉर्क ५९ न्यूटन-मीटर, तोही २५०० आरपीएमला. टॉर्क आणि फेऱ्यांचा गुणाकार केला तर त्या फेऱ्यांना साधारण २० बीएचपी निघते. म्हणजे बुलेट जीव तोडून ५२५० फेऱ्यांना जे देते, ते मारुती निम्म्याहून कमी फेऱ्यांत देऊन मोकळी. बुलेटच्या धडधडीमुळे ताकद जास्त वाटते, ही गोष्ट वेगळी.

शिवाय इंजिनाचा टॉर्क जसाच्या तसा चाकाला पोचतच नाही. तो गिअरने गुणला जातो. मध्य प्रदेशातल्या पीथमपूरच्या बाहा एसएई इंडिया या विद्यार्थ्यांच्या बग्गी-स्पर्धेत वर्षानुवर्षं सगळ्या संघांना एकच इंजिन असायचं: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसीचं, १० अश्वशक्तीचं, आणि त्यात काडीचाही बदल करायचा नाही. टॉर्क २० न्यूटन-मीटरच्या आत, म्हणजे बुलेटहून कमी. तरी इंजिनिअरिंगची पोरं त्याच इंजिनाची गाडी चढावर चढवायची आणि चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीत खड्ड्या-दगडांतून पळवायची. कसं? सीव्हीटी (पट्ट्यावर आपोआप बदलणारा गिअर) आणि मागची गिअरपेटी मिळून फेऱ्या वीस-पंचवीस पट घटवतात, आणि टॉर्क तितक्याच पट वाढतो. १९ न्यूटन-मीटर गुणिले २५ केले की ॲक्सलवर पावणेपाचशे. म्हणून ‘इंजिन कोणतं’ विचारणाऱ्याला मी आधी ‘पेटी कोणती’ विचारतो. त्यावर बहुतेकदा शांतता असते.

हवेवर थंड होण्याचा मुद्दा पुढे करताना लोक हटकून परदेशी बग्गीचं उदाहरण देतात. १९६४ साली कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्सनं फोक्सवॅगन बीटलचं इंजिन आणि सुटे भाग वापरून फायबरग्लासची ‘मेयर्स मँक्स’ उभी केली, आणि तिचं इंजिन एअर-कूल्ड होतं. हे बरोबर. पण बीटलच्या इंजिनावर पट्ट्यानं फिरणारा दांडगा पंखा असतो, त्याभोवती पत्र्याचं आवरण असतं आणि ऑइल कूलरही त्याच वाऱ्यात बसवलेला असतो. गाडी उभी असली तरी वारा चालूच. बुलेटला असा पंखा नाही. तिला गाडी पळाल्यावर समोरून येणारा वाराच काय तो मिळतो. तेच इंजिन सीटच्या मागे, पाइपांच्या जाळीत कोंबलं आणि चिखलातून ताशी दहा किलोमीटरनं पहिल्या गिअरमध्ये गाडी रेटली, तर इंजिनाच्या फिन्सवर (थंडाव्यासाठीच्या पातळ कडांवर) वाऱ्याऐवजी धूळ आणि चिखलाचा थर बसतो. क्लच तर त्याही आधी जळतो. रेडिएटरची कटकट आहे, मान्य. तो सांगाड्यात उंचावर बसवा, मारुतीचाच इलेक्ट्रिक पंखा लावा, पाइपांतली हवा नीट काढा. एक दिवसाचं काम आहे.

जाता जाता: मारुतीतही कार्ब्युरेटरवालं जुनं इंजिन घ्यावं की एमपीएफआय, यावर वाद होतात. कार्ब्युरेटरला वायरिंग कमी, हे खरं. पण त्यातला फ्लोट चेंबर (पेट्रोल साठवणारी वाटी) तिरका झाला की पेट्रोलची पातळी हलते आणि तीव्र चढावर इंजिन एक तर गुदमरतं, नाही तर उपाशी मरतं. बुलेटच्या कार्ब्युरेटरलाही हाच रोग. एमपीएफआयला तो नाही, मात्र घेताना ईसीयू (इंजिनाचा संगणक), पूर्ण हार्नेस (तारांचं जाळं) आणि टाकीतला पंप सोबतच उचला. नंतर एकेक तार शोधत बसण्यात महिने जातात.

आता चेन. ‘थेट मागच्या ॲक्सलला’ ही सोय म्हणून सांगितली जाते, तीच मोठी अडचण आहे. अखंड ॲक्सलवर दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. मऊ मातीत चालून जातं. कडक जमिनीवर वळताना एक चाक घासतं आणि गाडी सरळच जाऊ बघते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल हवं. आणि रिव्हर्स? बुलेटच्या पेटीत तो नाहीच. अरुंद पायवाटेवर समोर घळ आली की चालकानं उतरून पाचशे किलो मागे ढकलायचे, असा या मेसेजचा आराखडा दिसतो. गंमत म्हणजे साध्या रिक्षाच्या इंजिनाला डिफरन्शियल आणि रिव्हर्स जन्मापासून असतात. ताकद कमी, पण एकट्या माणसाच्या हलक्या बग्गीला मी बुलेटच्या आधी रिक्षा बघेन.

मारुतीत इंजिन, पेटी, डिफरन्शियल आणि दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट असा एकच गठ्ठा मिळतो. पुढचा गठ्ठा तसाच मागे न्यायचा, फिरवायचा नाही. उलटा बसवला तर चार गिअर मागे आणि एक पुढे अशी गाडी तयार होते. हसू नका, असं करणारे भेटतात. पुढचे नकलही (चाक धरणारे, वळणारे सांधे) त्यासोबत मागे जातात, म्हणून त्यांचे टाय-रॉड (त्यांना वळवणारे दांडे) सांगाड्याला घट्ट बांधून टाकायचे, नाही तर मागची चाकंही वळायला लागतील. गिअरची दांडी मात्र नव्यानं करावी लागते, कारण लिव्हर आता पेटीच्या पुढे आला. यात लेथवाल्याशी दोनचार चकरा होणारच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असलात तर तेही सोपं.

दुरुस्तीबद्दल वाद नाही. बुलेटचा मिस्त्री तालुक्याला मिळतो. पण मारुती ८०० आपल्याकडे १९८३ ते २०१४ बनली; तिचा मिस्त्री मिळत नाही असा तालुका मला दाखवा. आणि एक अख्खी गाडी घेतली की स्टिअरिंग रॅक, पुढचे डिस्क ब्रेक, रेडिएटर, टाकी सगळं घरात येतं. बुलेटच्या नुसत्या इंजिनाबरोबर यातलं काहीच येत नाही, आणि तो खर्च मेसेजमध्ये कुठेच धरलेला नसतो.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक. आरसी ही त्या मोटरसायकलची असते. इंजिन काढून चारचाकीत टाकलं म्हणून कागद तिकडे चालत जात नाही. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. नवी गाडी रस्त्यावर आणायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून प्रकार-मान्यता (त्या मॉडेलला मंजुरी) लागते, आणि ती घरी जोडलेल्या एका बग्गीसाठी कोणी घेत नाही. हे मारुतीवाल्या बग्गीलाही तितकंच लागू. तेव्हा ट्रेलरवर चढवा, स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या खासगी जमिनीवर उतरवा. गोव्याच्या पुळणीचा बेत असेल तर सोडून द्या, तिथे किनाऱ्यावर गाडी घालायला मनाई आहे. इंजिन भंगारातून घेताना मूळ गाडीचे कागद मागा. चोरीचा नंबर निघाला तर दुकानदार ओळख दाखवत नाही.

बुलेटचं इंजिन आधीच घरात पडून असेल तर विका. त्याला गिऱ्हाईक नेहमीच असतं.