रिकामं म्हणजे शून्य नव्हे: रेनमीटरच्या त्या सल्ल्याबद्दल

पावसाळा लागला की गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं, हा प्रश्न नाशकात घराघरांत असतो. आमच्या ओळखीतल्या काही पोरांनी तो आकडा डेस्कटॉपवर दिसावा म्हणून रेनमीटरचं स्किन बसवलंय (रेनमीटर म्हणजे विंडोजच्या पडद्यावर माहिती दाखवणारा प्रोग्रॅम, स्किन म्हणजे त्यातली एकेक चौकट). त्यांच्यात सध्या एक सल्ला फिरतोय: "रेग्युलर एक्स्प्रेशनला रिकामी स्ट्रिंग पकडताच येत नाही. सब्स्टिट्यूटमध्ये `"":"०"` टाका, कुठल्याही स्किनमध्ये चालतं, जागा कधी मोकळी दिसणार नाही." पंचवटीतल्या मावसभावानं तो मला पाठवला आणि विचारलं, "दादा, एवढंच पुरे ना?"

पुरे तर नाहीच, त्यातलं निम्मं चूकही आहे.

"पकडताच येत नाही" हे आधी घेऊ. रेग्युलर एक्स्प्रेशन, थोडक्यात रेगएक्स, म्हणजे मजकुरात काय शोधायचं ते सांगणारा नमुना. रिकामी स्ट्रिंग म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर. `^` म्हणजे सुरुवात, `$` म्हणजे शेवट. दोन्हींच्या मध्ये काहीच लिहिलं नाही की `^$` झालं, आणि ते रिकाम्या स्ट्रिंगवर बरोबर बसतं. खरी अडचण उलटी आहे: रेगएक्स रिकामं फार सहज पकडतं. `.` म्हणजे कुठलंही अक्षर, आणि `*` चा अर्थच 'शून्य किंवा जास्त'. वेबपार्सर म्हणजे रेनमीटरचा साइटवरून मजकूर उचलणारा भाग. त्याच्या नमुन्यांत सुरुवातीला यू हा झेंडा लावायची पद्धत आहे, त्यानं शोध कमीत कमी अक्षरांवर थांबतो. आता नमुन्याच्या अगदी शेवटी `(.*)` ठेवलं आणि पुढे काही लिहिलंच नाही, तर कमीत कमी म्हणजे शून्य अक्षरं. हाती रिकामी स्ट्रिंग येते आणि आपण साइटला दोष देत बसतो. भावाच्या स्किनमध्ये नेमकं हेच झालं होतं. `(.*)` नंतर, पानावर आकडा जिथे संपतो तिथलं `<` हे चिन्ह लिहिलं, आकडा आला. सल्ला मानला असता तर तिथे कायमचा ० दिसत राहिला असता.

"कुठल्याही स्किनमध्ये चालतं" हेही खरं नाही. सब्स्टिट्यूट म्हणजे जोडीतल्या डावीकडच्या मजकुराच्या जागी उजवीकडचा घालणं. साध्या सब्स्टिट्यूटमध्ये `""` चालतं. पण रेगएक्सपसब्स्टिट्यूट ही सेटिंग १ केली की डावीकडची बाजू नमुना म्हणून वाचली जाते. रिकामा नमुना म्हणजे रिकामी स्ट्रिंग नव्हे. रेगएक्सच्या हिशेबानं तो दोन अक्षरांच्या मधल्या फटीतही बसतो. म्हणून तिथे `"^$"` लिहायचं. जोड्या डावीकडून उजवीकडे, एकामागून एक लागू होतात, तेव्हा 'क्युसेक' हा शब्द काढून टाकणारी जोडी आधी आणि `^$` ची सगळ्यांत शेवटी. नुसत्या स्पेस आल्या तर `^$` बसत नाही, `^ *$` लागतं. टॅबही येत असतील तर स्पेसच्या जागी उलटी तिरकी रेघ आणि एस.

पानावरून एखादा भागच गायब झाला तर मात्र यातलं काहीही कामाचं नाही. नमुन्याचा एक तुकडा जुळला नाही की सगळा नमुना पडतो आणि लॉगमध्ये मॅचिंग एरर येते. त्यासाठी `(?(?=` वाली पुढे डोकावणारी अट घाला, आणि एररस्ट्रिंगही, म्हणजे नमुना पडला तर दाखवायचा मजकूर, ठरवून ठेवा.

राहिला तो ०. मला सगळ्यांत जास्त खटकतो तो हाच. विसर्ग ० क्युसेक म्हणजे धरणाचे दरवाजे बंद आहेत, हा एक पक्का निरोप आहे. रिकामी स्ट्रिंग म्हणजे निरोपच आला नाही. गोदाघाटावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं यावरून आपण पुराचा अंदाज बांधतो. अंधारात मारुती दिसला नाही म्हणून पाणी उतरलं असं कुणी म्हणतं का? मग नेट गेलं म्हणून विसर्ग ० कसा दाखवायचा? तो आकडा बघून रामकुंडाजवळची गाडी कुणी तिथेच ठेवली तर?

तेव्हा भावाला मी ही जोडी दिली: `"^ *$":"आकडा मिळाला नाही"`. अक्षरं जागेत मावेनात, म्हणून मीटरची, म्हणजे स्किनमध्ये आकडा दाखवणाऱ्या भागाची, रुंदी थोडी वाढवावी लागली.