साहेब इले, गाडये लपवा

सकाळी गावच्या ग्रुपवर फोटो आला. खाणींकडे रस्ता वळतो ना, त्या तिठ्यावर पांढरी गाडी उभी, आणि खाली मेसेज, "साहेब इले, गाडये लपवा, वसुली चालू". त्यावर हसण्याच्या स्मायलींची ही रांग. सगळी आपलीच माणसं. त्यात माझे चुलत भाऊ, एक रिटायर्ड गुरुजी, आणि एक असा की ज्याच्या सख्ख्या मेहुण्याचा पाय खाणीत मोडला होता. दुर्लक्ष करायचं म्हटलं पण दुपारी भांडी घासताना पण तेच डोक्यात, म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

पहिलं म्हणजे ती गाडी रॉयल्टीवाल्यांची नव्हतीच. फोटो झूम करा, पाटी दिसते. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, खनिकर्म अधिकारी, ही सगळी महसूलची मंडळी. चिरा (आपला घरं बांधायचा जांभा दगड) किती काढला, ब्रास (दगड मोजायचं माप) किती भरली, पास आहे का, दंड किती लावायचा, हे ती बघतात. ही गाडी खाण सुरक्षावाल्यांची. केंद्राचं वेगळं खातं आहे ते, इंग्रजांनी १९०२ मध्ये काढलेलं, हेड ऑफिस तिकडे धनबादला. त्या खात्याचा माणूस तुमची ब्रास मोजत नाही. सकाळी खाली उतरलेला गडी संध्याकाळी स्वतःच्या पायांनी वर येईल का, एवढंच तो बघतो. त्याला काय वसूल करायचंय तुमच्याकडून? हेल्मेट?

मला एवढा राग यायचं कारण आमच्या घरात आहे. बाबांची चिरेखाण होती हे निम्म्या लोकांना माहितीच आहे. आमच्या सड्यावर (कातळाच्या माळावर), काजीच्या म्हणजे काजूच्या झाडाच्या बाजूला. मी शाळेत होते तेव्हा एका एप्रिलमध्ये असेच एक साहेब आले होते. भाड्याची जीप, बारीक अंगाचे, पिकलेल्या मिशा, पाण्याची बाटली स्वतःची. घरी आईने कोंबडी-वडे करून ठेवलेले, बाबांनी सांगितलेलंच होतं की साहेब जेवल्याशिवाय जाता कामा नये (म्हणजे कळलं ना). साहेब घराकडे वळलेच नाहीत. म्हणाले, आधी खाली जाऊ.

खिशातनं टेप काढली, टोकाला दगड बांधला आणि कड्यावरनं खाली सोडली. बाबा धावत दुसऱ्या बाजूला. आमचा सडा उताराचा, वरच्या अंगाला कडा उंच, खालच्या अंगाला कमी. बाबा तिकडनं ओरडतायत, "साहेबानू, हयसून मोजा, हयसून!" साहेब शांतपणे म्हणाले, कायद्यात सगळ्यात उंच जागेपासून सगळ्यात खोल जागेपर्यंत मोजतात. आणि वरच्या अंगाने सहा मीटरच्या पुढे भरलं.

आता हे सहा मीटर म्हणजे काय ते सांगते, कारण ग्रुपवर वकील भरपूर आहेत पण हे कोणाला माहिती नाही. १९५२ चा खाण कायदा (आता २०२० च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत घातलाय त्याला, पण बाबांच्या वेळी तोच होता) म्हणतो की काही साध्या दगडमातीच्या उघड्या खाणींना जवळजवळ सगळ्या कायद्यातनं सूट. त्या यादीत मुरूम आहे, कंकर आहे आणि आपला जांभाही आहे, नाव घेऊन. अट एवढीच, खोली कुठेही ६ मीटरच्या वर जायची नाही, एका दिवसाला ५० च्या वर माणसं नाहीत आणि सुरुंग नाही. आपल्याकडे चिऱ्याला सुरुंग लागत नाही, मशीनने कापतात. पन्नास माणसं तर कोण लावतंय. राहिली खोली. म्हणून जिल्ह्यातली प्रत्येक चिरेखाण कागदावर सहा मीटरच्या आतच असते. गंमतच आहे नाही? सड्यावर जाऊन बघा मग, उभे राहून खाली बघितलं की गरगरतं.

आणि सूट म्हणजे साहेबाने पायच ठेवायचा नाही असंही नाही हां. सूट असलेल्या खाणीतही त्याला आत जायचा हक्क आहे, दिवसा किंवा रात्री, असं कायद्यातच लिहिलंय. अठरा वर्षांखालच्या पोरांना कामावर लावायला बंदी, तीही तिथे लागू राहतेच.

तर आमच्या खाणीत काय होतं, विजापूरकडचं एक जोडपं कामाला होतं, त्यांचं लहान पोर कड्याच्या पायथ्याशी सावलीत साडीच्या झोळीत झोपलेलं. त्याला तिथे कोणी झोपवलं तर आम्हीच सगळ्यांनी, म्हणजे तिथे सावली होती, दुसरीकडे ऊन, कोणाच्या मनातही आलं नाही. साहेब खाली उतरले, टेप-बिप बाजूला, पहिल्यांदा त्या बाईला हाक मारून पोराला उचलायला लावलं आणि ती वर जाईपर्यंत तिथेच उभे राहिले. एक अक्षर बोलले नाहीत. मग बाबांकडे वळून जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, बाबा अजून आहेत.

मग ऑर्डर. कड्याच्या काठावरचं सगळं डबर आणि माती तीन मीटर मागे घ्या. वरची माती उतरती करा, कडा टप्प्याटप्प्याने मागे न्या, भोवती कुंपण घाला, आणि हे होईपर्यंत पायथ्याशी एकही माणूस नको. आणि ते काजीचं झाड तोडा. काठावर होतं ना, अर्धी मुळं बाहेर लोंबत होती. बाबा म्हणाले, "झाडान तुमचा काय खाल्ल्यान?" साहेब म्हणाले, मुळं फटीत शिरतात, फट मोठी होते, पावसात पाणी जातं, मग झाडाबरोबर कडा खाली येतो. एप्रिल महिना, झाड बोंडांनी लाल झालेलं.

आई आजपर्यंत त्या माणसाचं नाव काढत नाही, "काजीवालो मेलो" म्हणते. सिझन गेला. ऐन एप्रिल-मे गेला, ज्यांचे चिऱ्याचे ॲडव्हान्स घेतलेले त्यांना परत करायला लागले, ट्रॅक्टरचे हप्ते थकले. त्या वर्षी आमच्या घरात वातावरण कसं होतं ते मलाच माहिती. म्हणजे खाणवाल्याच्या पोटात गोळा का येतो ते मला कोणी शिकवू नये. माझी फी चिऱ्यातनंच गेलीय. छोट्या खाणवाल्याला कागद झेपत नाहीत, आणि मोठ्यांकडे मॅनेजर असतो, हे पण खरंच आहे.

पण पुढे ऐका. कडा पडला का? नाही पडला. पाऊस आला, गेला, पुढच्या वर्षी पण आला. काही पडलं नाही. आणि ह्याच गोष्टीवर बाबा आजपर्यंत चिडलेले आहेत! "काजी गेली, सिझन गेलो, आणि पडला काय? कायएक नाय पडला!" अहो बाबा, मागे घेतला म्हणूनच नाही पडला. हे मी त्यांना कॉलेजात असताना सांगितलं, लग्नाच्या आधी सांगितलं, परवा गणपतीत पण सांगितलं. ते म्हणतात, "तुका काय म्हायती, आमचो कातळ घट होतो."

हीच तर ह्या नोकरीची शोकांतिका आहे. डॉक्टरने पेशंट वाचवला की पेढे. पोलिसाने चोर पकडला की पेपरात फोटो. ह्या माणसाने काम नीट केलं तर काहीच होत नाही, आणि काहीच झालं नाही की लोक म्हणतात उगाच त्रास दिला. आणि काही झालं की त्याच ग्रुपवर, तेच लोक, "प्रशासन झोपलं होतं काय?"

आणि कातळ घट्ट म्हणजे काय हो? जांभा वरनं घट्ट. हवा लागली की अजून कडक होतो, म्हणून तर आपली घरं त्याची. पण त्याला भोकंच भोकं, पाणी सरळ खाली. खाली मऊ पांढरट-गुलाबी माती लागते, विहीर खणलेल्या कोणालाही विचारा. आपल्याकडे पाऊस किती, तीन हजार मिलिमीटरच्या वर. ते पाणी जाऊन त्या मातीवर बसतं, पाय मऊ होतो, आणि वरचा घट्ट कातळ तसाच्या तसा पुढे येतो. मशीनने सुरीने वडी कापल्यासारखे सरळ उभे कडे केलेले, मध्ये पायरी नाही. सांगून नाही येत तो.

२०२१ च्या जुलैत कळण्याला काय झालं विसरलो का आपण? दोडामार्गात, आपल्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात. लोहखनिजाच्या खाणीतलं साठलेलं पाणी फुटून चिखल वस्तीत आणि बागायतीत घुसला. आठवडाभर सगळ्यांच्या स्टेटसला तेच. तिकडे झारखंडमध्ये लालमटियाच्या उघड्या कोळसा खाणीत २०१६ च्या डिसेंबरात मातीचा ढीग खाली आला, २३ माणसं गेली. उघडी खाण म्हणजे वर आकाश आहे म्हणजे सेफ, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं.

आता येतील मला शिकवायला, ताई, साहेब पण पाकीट घेतात. घेतात. असतात तसे, मी कुठे नाही म्हणतेय. आणि एका साहेबाच्या गळ्यात एवढा मोठा मुलूख घातलाय की तो आज दिसला तर परत कधी दिसेल देव जाणे. पण मग त्यावर बोला ना! अजून माणसं भरा म्हणा. ते नाही, आपण काय करतो, तिठ्यावर पोरगं बसवतो, मोबाईल देऊन, गाडी दिसली की खबर. साहेब पोचेपर्यंत मशीन बंद, गडी काजीत लपलेले, बायका-पोरं पार खाली व्हाळात (ओढ्यात). कोणापासून लपवतोय? त्यांच्यासाठीच आलेल्या माणसापासून त्यांनाच लपवतोय. ह्याच्यावर हसायचं?

आणि काही झालंच तर, हे मी शांतपणे लिहायचा प्रयत्न करतेय पण जमत नाहीये, काही झालंच तर काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहितीये. "ट्रॉलीवरून पडलो." "रात्री पिऊन चालत होतो, खड्ड्यात गेलो." ॲम्ब्युलन्स थेट कर्नाटकात. कायद्याने अपघाताची खबर लगेच द्यायची असते, कोण देतो? आपल्या गावचा असता तर रस्ता अडवला असता आपण. तो विजापूरचा किंवा ओडिशाचा असतो, त्याच्या बाजूने ग्रुपवर टाईप करणारं कोणी नसतं. त्याच्या बाजूने ह्या अख्ख्या जिल्ह्यात बोलणारा एकच माणूस असतो तो त्या पांढऱ्या गाडीतनं येतो, आणि त्याला आपण वसुलीवाला म्हणतो.

चिऱ्याचं सोडा, आपल्याच जिल्ह्यात कासार्ड्याकडे सिलिकाच्या वाळूचं काम चालतं. तिला सहा मीटरची सूट पण नाही, काचेची वाळू कायद्याने त्यातनं बाहेर ठेवलीय. आणि ती धूळ एकदा फुफ्फुसात बसली की निघत नाही. म्हणून कामगाराची तपासणी कामाला लागताना आणि नंतर ठरावीक काळाने करायची असते. तो रजिस्टर उघडून बघणारा पण हाच खात्याचा माणूस. मालक स्वतःहून कोणाला एक्स-रेला नेतोय?

थोडं शांत झालं आता डोकं. चहा घेऊन आले.

बाबांबद्दल लिहिलं म्हणून काही जण मला फोन करतील, बापाची इज्जत काढलीस म्हणून. नाही काढली. बाबांनी शिव्या घातल्या पण कुंपण घातलं, डबर मागे घेतलं, काजी पण स्वतः कोयता घेऊन तोडली, कोणाला हात लावू दिला नाही. आणि त्या दिवसानंतर आमच्या खाणीत पोराची झोळी वर, आमच्या मांगराच्या पडवीत बांधायची असा नियमच झाला. साहेब परत कधीच आले नाहीत, तरी तो नियम खाण बंद होईपर्यंत राहिला. बाबा कबूल करत नाहीत, म्हणतात पोर रडायचा म्हणून वर नेला. ठीक आहे, रडायचा म्हणून तर रडायचा म्हणून.

खाण आता बंद आहे. पावसाचं पाणी साठून तळं झालंय. आजूबाजूच्या सोडलेल्या खड्ड्यांत दरवर्षी कोणाची ना कोणाची गुरं पडतात, कधी माणूसही. आमच्याकडे चिऱ्यांचा बांध आहे भोवती, त्याच ऑर्डरमधला. बाबा म्हणतात फुकट खर्च.

ग्रुपच्या ॲडमिनला सांगतेय, नाव घेत नाही, तू वाचतोयस. तो फोटो डिलीट कर. करायचं नसेल तर निदान त्या मेहुण्याच्या पायाचा पण एक फोटो टाक, बघू किती जण हसतात. आणि तिठ्यावर बसवलेलं पोरगं दहावीचं आहे, त्याच्या आईला माहितीये का तो शाळा सोडून कुठे बसतो ते? मी उद्या विचारणारच आहे तिला.

आणि कमेंटमध्ये "तुझ्या बापाशीची पण खाण होती" लिहायला येणाऱ्यांनो, होती. वर लिहिलंय. आधी वाचा.