‘मेंदू जळला’ म्हणे!

‘कोकेन घेतलेल्याचा मेंदू कायमचा जळतो’ हा मेसेज काल मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकला. त्याच ग्रुपवर आमचा दादा आहे, कोकेन सोडून सात महिने झालेत त्याला, आणि मेसेज वाचून म्हणतो मग काउन्सिलिंगला जाऊ कशाला. म्हणून लिहितोय, एरवी असलं काही मी न वाचताच उडवतो.

कोकेनने लक्ष लागत नाही, आत्ता सांगितलेलं विसरतं, हे खरंय. दादा एकच गोष्ट तीनदा विचारतो. पण कायमचं? झुरिकमधे कोकेन घेणाऱ्यांना वर्षभराच्या अंतराने दोनदा तपासलं (2014 ला छापून आलंय), किती घेतलं ते डोक्याचे केस तपासून ठरवलं. ज्यांनी वाढवलं त्यांची वर्किंग मेमरी (हातातल्या कामापुरतं डोक्यात धरून ठेवायची ताकद) घसरली, कमी केलं त्यांची थोडी सुधारली आणि पूर्ण सोडलेले जवळपास कधीच न घेतलेल्यांच्या बरोबरीला आले. ते मोजकेच होते, मान्य. पण जळालेलं असं परत येतं का?

आता त्याच मेसेजमधला दुसरा दावा, ‘व्यसनाचा जीन असेल तर उपचार वाया’. इथे माझं डोकंच फिरलं. मेसेजमधे नाव आहे कॉम्ट (COMT) या जीनचं. हा जीन डोपामिनचा (मेंदूतलं एक रसायन) निचरा करणारं एन्झाइम बनवतो, एका प्रकारात भरभर, दुसऱ्यात सावकाश, आणि दोन्ही प्रकार सर्रास सापडतात, मामांच्यातही यातला एखादा असणारच! व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, जुळ्यांच्या अभ्यासात तसं निघतं, नाइलाजाने मान्य. पण तो ढीगभर जीन्सचा थोडा थोडा मिळून. उलट डायसल्फिराम या दारू सोडवायच्या गोळीच्या कोकेनवरच्या एका ट्रायलमधे डीबीएच या डोपामिनशीच संबंधित दुसऱ्या जीनच्या एका प्रकारवाल्यांना फायदा झाला, दुसऱ्यांना नाही. म्हणजे जीन बघायचा तो कुठलं औषध लागू पडेल यासाठी, माणूस मोडीत काढायला नाही. (आणि ही गोळी घेऊन वर दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं, स्वतःच्या मनाने घेऊ नका.)

मेसेजमधला तिसरा दावा ‘औषधं म्हणजे दुसरं व्यसन’ – पण कोकेनचं व्यसन सोडवायला अमेरिकेच्या एफडीएने अजून एकही औषध मंजूर केलेलं नाही, डिप्रेशनची गोळी दादाला डॉक्टरांनी दिलीये ती डिप्रेशनसाठी. मोडाफिनिल या जागं ठेवणाऱ्या औषधाने छोट्या ट्रायल्समधे वर्किंग मेमरी थोडी सुधारली, ‘डोकं पूर्ववत’ वगैरे काही नाही.

मामा, दादाचं सेशन गुरुवारी आहे. त्याआधी तो मेसेज डिलीट करा.