भूल असती तर दुखलं नसतं

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'ज्या देवाने भाऊ नेला, त्याच्याच पायाशी जाऊन रडायचं, याला सांत्वन नाही, भूल देणं म्हणतात,' असं तुम्ही लिहिलंय. राग नाही आला. दादाला माती देऊन आलो त्या रात्री मी याहून वाईट बोलले होते, तेही आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांसमोर.

एक आधीच कबूल करते. 'देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात' हे वाक्य माझ्याही डोक्यात जातं. भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी तरी ते ऐकवलं. बायबलमध्ये ते कुठेही नाही.

बायबलमध्ये आहे ती मार्था, लाजराची बहीण. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच थांबला. पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर जाऊन त्याला गाठते नि म्हणते, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तुमचाच प्रश्न, थेट तोंडावर. येशू तिला गप्प करत नाही. पुढे कबरेकडे जाताना तो स्वतःच रडतो, लाजराला मेलेल्यांतून उठवणार हे ठाऊक असून! बायबलमधलं स्तोत्र 88 तर अंधारावरच संपतं. शेवटी आशेची एखादी ओळ जोडावी असंही कुणाला वाटलं नाही. लोकांना भूलच द्यायची होती, तर हे पान कशाला ठेवलं असतं?

आणि भूल दिल्यावर दुखत नाही. मला दुखतं. कबरेत मूठभर माती टाकायची असते. आमची नगरची काळी माती, त्यात आदल्या रात्री पाऊस झालेला. मूठ उघडली तरी ती सुटेना. मागे उभ्या असलेल्या चर्चच्या मंडळीतल्या एका आजींनी पदराने माझी बोटं पुसली, एकेक करून, आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक गीत धरलं. पेटी नाही, तबला नाही. माझ्या तोंडून शब्द फुटेना, तर माझ्या वाटचंही त्या सगळ्यांनी म्हटलं. मी सांत्वन म्हणते ते याला.

लाजर उठला, दादा नाही उठला. याचं उत्तर तुम्ही मागितलंत. माझ्याकडे ते नाही. गेल्या ईस्टरला, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, पहाटेची उपासना कब्रस्तानात होती. दादाच्या कबरेवर मेणबत्ती लावली आणि मार्थाचं वाक्य येशूला पुन्हा ऐकवलं. मग सगळ्यांबरोबर 'प्रभू उठला आहे' म्हणायची वेळ आली, तेव्हा तेही म्हटलं.